एक जूनची वाटणी

माझा वाढदिवस एक जूनला असतो. नवऱ्याचाही एक जूनलाच असतो. हे ऐकलं की ड्युसेलडॉर्फच्या आमच्या ऑफिसातल्या जर्मन बायका छातीवर हात ठेवून म्हणतात, "किती रोमँटिक!" आमच्या लातूरकडच्या कुणी ऐकलं तर तो एवढंच विचारतो, "जिल्हा परिषदेची शाळा का?"

मी लातूर जिल्ह्यातली, नवरा बुलढाण्याचा. दोघांच्याही घरात आमच्याआधी कुणी कॉलेजची इमारत आतून पाहिली नव्हती. दोघांनाही पहिलीत घालायला नेलं तेव्हा जन्मतारीख विचारली गेली, ती कुणालाच सांगता आली नाही, आणि दोन जिल्ह्यांतल्या दोन हेडमास्तरांनी एकमेकांना न विचारता एकच तारीख टाकली. शाळा जूनमध्ये भरते, पोर सहा वर्षांचं दिसतंय, टाका एक जून. ह्यात काही रोमान्स असलाच तर तो त्या दोन हेडमास्तरांचा आहे, आमचा नाही.

खरी तारीख शोधायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. आई म्हणते, "पोळा तोंडावर आला होता, बैलांच्या झुली काढल्या होत्या अन् तू आलीस." साल विचारलं की म्हणते, "तुझ्या मामाच्या लग्नाच्या पुढचं. नाहीतर मागचं." एवढ्या पुराव्यावर जर्मनीत काय, लातुरातही कुणी तारीख बदलून देत नाही.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एक जूनला निम्म्या मजल्याचा वाढदिवस असायचा. सगळ्यांत मिळून एक केक. त्यावर बेकरीवाल्याने 'हॅपी बर्थडे ऑल' असं लिहून दिलेलं. लग्न झाल्यावर 'ऑल'चे दोघं झाले, एवढाच फरक. सासूबाईंना ही सोय फार आवडायची. "बरंय की, एकाच दिवसात उरकतं," म्हणायच्या. जसं काही वाढदिवस म्हणजे वर्षाचं तिखट कुटणं.

मग कागदोपत्री चाळिशी आली आणि मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "ह्या वर्षी एक जून माझा. एकटीचा. तू दुसरा बघ."

"दुसरा कुठून बघू?"

"आख्खं वर्ष पडलंय."

"अगं, पण मी तुझ्यापेक्षा वर्षाने मोठा आहे. तारखेवर पहिला हक्क माझा."

"कागदावर मोठा."

"मग तू काय दगडावर लहान आहेस?"

मुलगी ताटावरून मान वर करून हे ऐकत होती. ती तेव्हा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, म्हणजे दोघांचेही वाढदिवस खरे नाहीत? आणि हे सरकारला माहीत आहे? मी म्हटलं, सरकारनेच दिलेत. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दास इस्ट दॉख बेट्रूग." म्हणजे ही तर सरळ फसवणूक झाली. जर्मन शाळेत घातलं की पोरं अशी होतात.

मला काय हवं होतं ते मी तिलाही सांगितलं आणि नवऱ्यालाही. मोठी पार्टी नको, दागिना नको. एक दिवस असा हवा की त्या दिवशी जन्मलेली मी एकटी. कुणी "तुम्हा दोघांना" म्हणायचं नाही. नवऱ्याने बराच वेळ आमटी भुरकली आणि म्हणाला, "बरं. दिला. मी हक्क सोडला." आमच्याकडे वडिलांची जमीन वाटताना हक्क सोडल्याची सही नेहमी बहिणीची असते. पुरुषाने हक्क सोडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. त्याला म्हटलं, "शब्द आहे हां." म्हणाला, "शब्द."

शब्दाबरोबर त्याने स्कॉटलंडही दिलं होतं. लंडनहून रात्रीच्या गाडीत झोपायचं आणि सकाळी डोंगरात उठायचं, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. पण आमच्या निळ्या पासपोर्टला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तिकडे तेव्हा युरोपातून बाहेर पडायची भांडणं चाललेली. व्हिसाची तारीख मिळाली ती जूनच्या शेवटची. नवरा डगमगला नाही. "स्कॉटलंड म्हणजे तरी काय?" म्हणाला. "हिरवं गवत, धुकं, गाई, आणि उन्हाळ्यात स्वेटर. हे सगळं बव्हेरियात आहे. गाडीसुद्धा आहे. संध्याकाळी ड्युसेलडॉर्फला बसायचं, सकाळी म्युनिक. तिथून लोकलने शेतावर." शेतावर म्हणजे एका बाईंच्या गोठ्याशेजारी, सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांत. मुलीची शाळेची सहल त्याच आठवड्यात होती, ती गेली. आम्ही निघालो.

रेल्वेत झोपायचं म्हटल्यावर आमची जी तयारी होते ती झाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, घरच्या चादरी, हवेची उशी, आणि साखळी-कुलूप. साखळी नवऱ्याने सोलापूर स्टेशनबाहेर घेतली होती, लग्नाच्या आधी. मी म्हटलं, "अरे, दोघांचीच खोली आहे. आतून कडी आहे. बॅग कोण नेणार, मी?" तो म्हणाला, "प्रवासात साखळी लावल्याशिवाय मला झोप येत नाही." आणि खरंच त्याने ती बॅगेच्या मुठीतून आणि झिपच्या कड्यांतून ओढून खालच्या बर्थच्या लोखंडी पायाला घातली, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं आणि मगच बूट काढले. दोन मेकॅनिकल इंजिनिअर त्या खोलीत होते. एकीच्या लक्षात आलं होतं की हे मूर्खपणाचं आहे. पण मला वाटलं, झोपू दे बिचारा, हक्क सोडलाय.

डब्याचा शाफनर आला. शाफनर म्हणजे आपला टीसी आणि वेटर एकाच माणसात. ऑस्ट्रियन, मिशीवाला, पोट पुढे, आवाज गोड. गाडी पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला जाणारी, म्हणून त्याने तिकिटांबरोबर ओळखपत्रंही मागितली. माझं पाहिलं, नवऱ्याचं पाहिलं, पुन्हा माझं पाहिलं. मिशी वर गेली.

"उद्या! दोघांचाही!" तो कुजबुजला. लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "पण आत्ता मी काही बोलणार नाही. आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो. सकाळी!"

त्यांच्याकडे हे फार पाळतात. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कुणी चुकून अभिनंदन केलं तर मांजर आडवं गेल्यासारखा चेहरा करतात. मला काय, सकाळी का होईना, पण तो 'दोघांचाही' म्हणाला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि तो माणूस शब्द पाळायला उठला.

"माझा नाही," नवरा शाफनरला म्हणाला. "फक्त हिचा."

"पण इथे लिहिलंय."

"लिहिलंय, पण ते खरं नाही. ते हेडमास्तरांनी टाकलंय."

शाफनरची मिशी खाली आली. "म्हणजे हे ओळखपत्र खोटं आहे?"

नवऱ्याच्या आता लक्षात आलं की आपण सरहद्द ओलांडणाऱ्या गाडीत, गणवेशातल्या माणसाला, स्वतःच्या तोंडाने काय सांगतोय. "नाही, नाही! ओळखपत्र खरं आहे. तारीख... तारीख पण खरी आहे. मी खरा नाही."

मी त्याला टाचेने मारलं. मग मीच पुढे झाले. म्हटलं, हे बघा, जन्म एक जूनचाच, पण ह्या वर्षी त्याने वाढदिवसापासून रजा घेतली आहे.

"उरलाउब?" शाफनरने विचारलं.

"या, गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "उरलाउब."

त्याचा चेहरा उजळला. रजा म्हटली की ह्या लोकांना सगळं पटतं. "आख झो, अस्सं होय!" म्हणाला. "माणसाने रजा घेतलीच पाहिजे." आणि दार लावता लावता त्याने नाक वर करून विचारलं, वास कसला येतोय? मी त्याला ठेचा लावून अर्धी दशमी दिली. मग बराच वेळ डब्याच्या टोकाकडून त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

सकाळी मी उठले तर बाहेर कुंपणं, धुकं, लाकडाच्या ओंडक्यांच्या नीट रचलेल्या राशी. एक जून. मी वरच्या बर्थवर पडून तो दिवस नुसता पाहिला. खाली नवरा दात घासत होता. खोलीत कोपऱ्यात एक छोटं बेसिन होतं, टोपीएवढं. त्याने शिट्टी वाजवली, टॉवेल ओढला, आणि टिंग असा आवाज झाला.

"काय पडलं?"

तो बेसिनवर वाकला होता.

"अरे, काय पडलं?"

"किल्ली," तो म्हणाला. "साबणाच्या खाचेत ठेवली होती. हरवू नये म्हणून."

बेसिनच्या भोकातून ती गेली होती. पुढची सगळी मेहनत मी सविस्तर सांगत नाही. नवऱ्याने माझी केसांची पिन वाकवून भोकात घातली, ती पण गेली. मी बर्थचा पाय स्क्रूंनी बसवलाय का पाहिलं, तो वेल्डिंगचा होता, आणि चांगलं वेल्डिंग होतं. शाफनर नाश्त्याचे ट्रे घेऊन आला, ट्रेवर दोन छोट्या शाम्पेनच्या बाटल्या. त्याने अभिनंदनासाठी तोंड उघडलं आणि दृश्य पाहून तसंच ठेवलं.

"साखळी? माझ्या डब्यात? चोर आहेत असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही, नाही, सवय आहे," नवरा म्हणाला.

शाफनर आधी दुखावला, मग कामाला लागला. कुठूनतरी पक्कड आणली. पकडीने साखळी धरली, लाल झाला, पकडीचं तोंड वाकडं झालं. साखळीवर ओरखडा नाही. मला सांगायला लाज वाटते, पण अभिमान वाटला. सोलापूरचा माल होता.

म्युनिक आलं. "तू उतर," नवरा म्हणाला. "खाण्याची पिशवी घे, तुझी पर्स घे. मी बॅग घेऊन आलोच."

आलोच म्हणणाऱ्या माणसाचा अनुभव मला होता. तरी मी उतरले. प्लॅटफॉर्मवर उभी राहिले, खिडकीतून दोघांचे वाकलेले पार्श्वभाग दिसत होते, एक निळ्या गणवेशातला आणि एक नवऱ्याचा. मग दारं बंद झाली. गाडी हलली तसा नवरा खिडकीशी आला आणि त्याने प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखा हात हलवला.

फोन लगेच आला. "पुढच्या स्टेशनला उतरता येईल," म्हणाला. "पण बॅग उतरणार नाही."

"बॅग सोड!"

"पासपोर्ट आहेत दोघांचे. शाफनर म्हणतोय शेवटपर्यंत चला, इन्सब्रुकच्या वर्कशॉपमध्ये मोठा कटर आहे."

"म्हणजे तू ऑस्ट्रियाला चाललास."

"अगं, एवढा काय लांब नाही तो."

मी फोन ठेवला. आणि मग मला कळलं की काय झालंय. एक जून, सकाळ, म्युनिकचं स्टेशन, आणि मी एकटी. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, मागितल्याहून जरा जास्तच. आपल्याला वाईट वाटेल असं वाटून मी थांबले. वाटलं नाही. मी कॉफी घेतली, खुर्ची घेतली, आणि समोरच्या कबुतरांना मनातल्या मनात सांगितलं की आज माझा वाढदिवस आहे.

लोकल गावाच्या छोट्या स्टेशनवर पोचली तेव्हा शेतावरच्या बाई घ्यायला आल्या होत्या. सत्तरीच्या, गमबूट घातलेल्या, हाताचा पंजा फावड्याएवढा. त्यांची बव्हेरियन बोली मला अर्धी कळत होती, माझं जर्मन त्यांना पाऊण. गाडीच्या मागच्या सीटवर पाहून म्हणाल्या, "आणि नवरा?"

"त्याची बॅग साखळीने बांधलेली आहे, ती सोडून तो येत नाही. इन्सब्रुकला कापतील."

बाईंनी गाडी सुरू केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझा नवरा पण असाच होता. ट्रॅक्टर सोडून यायचा नाही."

शेत खरोखरच स्कॉटलंडच्या फोटोसारखं होतं, फक्त मेंढ्यांच्या जागी गाई. तपकिरी, घंटा बांधलेल्या, कान मोठे. पाऊस भुरभुरत होता. बाईंनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि फडक्याखालचा केक उघडला. वरून पिठीसाखर, आणि चेरीच्या जॅमने लिहिलेलं माझं नाव. पूर्ण नाव, त्यातही एक अक्षर चुकलेलं नव्हतं. आणि पुढे काही नाही. कुठलंही 'आणि' नाही.

"तुमच्या नवऱ्याने तीनदा कळवलं," बाई म्हणाल्या. "फक्त बायकोचा, फक्त बायकोचा. नाव कसं लिहायचं ते पण. मला वाटलं, बायको फार कडक दिसते."

"आहे," मी म्हटलं. आणि मग मला खिडकीबाहेरच्या गाईंकडे थोडा वेळ बघत राहावं लागलं.

बाईंनी सुरी माझ्या हातात दिली. विचारलं, आता कापायचा, की तो येईपर्यंत थांबायचं? तेवढ्यात फोन वाजला. स्पीकर लावला. मागे मशीनचा आवाज.

"सुटलो!" नवरा ओरडला. "पण एक झालंय. रागावणार नाहीस ना?"

"काय झालंय?"

"शाफनरने वर्कशॉपमधल्या सगळ्यांना सांगितलं. मी म्हणत होतो, माझा नाही, माझा नाही. ते म्हणाले, रजा असली तरी गाणं म्हणायला हरकत नाही. त्यांनी म्हटलं गाणं. माझ्यासाठी."

"आणि तू?"

"मी काय करणार? हात धरले होते गं दोन्ही."

"शाम्पेन?"

तो म्हणाला, "एकच बाटली. तुझी आणतोय."

मला राग आला होता हे खरं आहे. हक्क सोडायचा आणि मग शेजारच्या देशात जाऊन वाढदिवस साजरा करून यायचा! "शब्द दिला होतास," मी म्हटलं.

"अगं, इकडे ऑस्ट्रिया आहे. शब्द जर्मनीपुरता होता."

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. त्या मान हलवत सुरीकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. थांबणं शोभलं असतं. एखादी थांबलीही असती. मी म्हटलं, "तू ये सावकाश," फोन ठेवला, मेणबत्ती फुंकली आणि केक कापला. बाईंनी भसाड्या आवाजात गाणं म्हटलं, एकटीने, एकटीसाठी. केक उत्तम होता. मी दुसरा तुकडा घेतला. तिसरा बाईंनी वाढला, त्याला मी नाही म्हटलं नाही. दुपारभर गोठ्याजवळच्या बाकावर पाय पसरून बसले. आईला फोन केला. ती म्हणाली, "आज कसला वाढदिवस? पोळ्याला अवकाश आहे." मी म्हटलं, असू दे गं, आजचा पण घे.

नवरा आला तेव्हा ऊन पडलं होतं आणि गाई दूध द्यायला रांगेने आत चालल्या होत्या. त्यांच्या मागून तो, बॅग चिखलातून ओढत, शर्टावर ग्रीस, पोटात सकाळपासून फक्त शाम्पेन आणि एक पाव. बाकावर माझ्या शेजारी टेकला. मी केकची ताटली पुढे केली. माझ्या नावातली शेवटची दोन अक्षरं उरली होती.

त्याने ताटली घेतली नाही. जरा घसा खाकरला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना ते कधी म्हटलंच नव्हतं. कोण कुणाला म्हणणार, आणि पहिलं कुणी म्हणायचं? तो नवीन माणसाशी बोलावं तसं, गाईंकडे बघत म्हणाला, "हॅपी बर्थडे."

"थँक यू," मी म्हटलं.

तो थांबला. अजून थोडा थांबला. शेवटची गाय आत गेली.

"आणि?" त्याने विचारलं.

"आणि काय? केक खा."